दूरचा वर्ग कसा भरवावा?



वर्ग म्हणजे काय, असे कोणी विचारल्यास चार भिंती, फळा, बाके आणि खडू हाती घेतलेला शिक्षक हेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. २०२० साली मार्च महिन्यात साथीमुळे शाळांचे दरवाजे बंद झाले, तेव्हा या चित्रातील भिंती, फळा व बाके एकदम नाहीशी झाली. उरले ते दोनच घटक, शिक्षक आणि विद्यार्थी; व त्या दोहोंच्या मध्ये वीतभर लांबीचा एक मोबाईल. साथ सरली, शाळा पुन्हा गजबजल्या. तथापि अतिवृष्टीची सुट्टी पडली, परीक्षेपूर्वी उजळणी करावयाची असली किंवा सुट्टीत घरोघरी गेलेल्या मुलांस एकत्र आणावयाचे असले, म्हणजे ऑनलाइन वर्ग आजही भरवावा लागतो. तो कसा भरवावा, आणि त्याहूनही अधिक, तो कसा भरवू नये, हे आम्ही आमच्याच चुकीवरून शिकलो. ती चूक प्रथम सांगणे प्रामाणिकपणाचे होईल.

अलिबागहून मुरूडकडे जाणाऱ्या रस्त्यावर काशीद हे गाव लागते. पुढे सुमारे तीन किलोमीटर लांबीचा पांढऱ्या वाळूचा किनारा, त्याच्या कडेला सुरूची झाडे, आणि पाठीशी फणसाड अभयारण्याचे दाट रान. पर्यटकांस हे स्थळ रम्य वाटते व ते तसे आहेही. परंतु पुढे समुद्र व मागे डोंगर अशा ठिकाणी राहणाऱ्यास मोबाईलची रेंज ही अंगणात येऊन उडून जाणाऱ्या चिमणीप्रमाणे असते. त्यात ३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर आदळले. ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली, विजेचे खांब मोडले, आणि मुरूड-श्रीवर्धनकडील कित्येक गावे आठवडेच्या आठवडे अंधारात राहिली.

आमच्या वसतिगृहात राहून शिकणारा एक मुलगा त्या वर्षी नववीत गेला होता व टाळेबंदीमुळे काशीदला आपल्या घरी होता. वडिलांची किनाऱ्यावर शहाळ्यांची टपरी. पर्यटक नाहीत म्हणून ती बंद. घरात मोबाईल एकच. वीज व रेंज पुन्हा आल्यावर तो मुलगा सायंकाळी रस्त्याच्या चढावर, जेथे रेंज लागे तेथे, दगडावर बसून आमच्या वर्गास हजर राही. आम्ही पंचेचाळीस मिनिटे बीजगणित शिकवीत असू. शेवटी "समजले का?" असे विचारीत असू. पडद्यावर चाळीस नावांच्या चाळीस काळ्या चौकटी. त्यांतून एखादा "होय सर" असा आवाज येई, बाकी शांतता. त्या शांततेस आम्ही संमती समजलो. आमच्या हजेरीपटावर त्या मुलाचे नाव बहुतेक रोज होते, आणि आम्हांस त्याचा अभिमानही वाटे.

२३ नोव्हेंबर २०२० पासून राज्यात नववी ते बारावीचे वर्ग पुन्हा उघडू लागले. काही दिवसांनी तो मुलगा परत आला. आम्ही फळ्यावर एक साधे समीकरण मांडून त्यास सोडविण्यास सांगितले. तो खडू हाती घेऊन तसाच उभा राहिला. पुष्कळ वेळाने तो म्हणाला, "सर, आवाज तुटत होता. मध्येच सांगितलं असतं तर सगळ्यांचा वर्ग थांबला असता, म्हणून बोललो नाही."

वाचकहो, पाच महिने पूर्ण भरलेली ती हजेरी पाच महिने रिकामाच असलेल्या वर्गाची होती. त्या मुलात सौजन्य होते. आमच्यात दूरदृष्टी नव्हती. प्रत्यक्ष वर्गात त्याचा चेहरा पाहून आम्हांस एका क्षणात कळले असते. दूरच्या वर्गात चेहरा दिसत नाही. म्हणून चेहरा जे काम करतो ते काम मुद्दाम योजना करून घडवून आणावे लागते. ही योजना करणे म्हणजेच दूरचा वर्ग भरविणे होय. ते न करता नुसते व्याख्यान पाठविणे म्हणजे रिकाम्या विहिरीत तोंड घालून बोलण्यासारखे आहे.

आता अशा वर्गात मुले गप्प का बसतात, याची कारणे पाहू.

पहिले कारण संभाषणाच्या स्वभावात आहे. जगातील निरनिराळ्या दहा भाषांतील संभाषणांचा एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. एकाचे बोलणे संपून दुसऱ्याचे सुरू होईपर्यंत सरासरीने सुमारे एक-पंचमांश सेकंद एवढाच अवकाश जातो, असे त्यात आढळले. आपण समोरच्याचा श्वास, मान व डोळे पाहून आपली पाळी ओळखतो. मोबाईलवर आवाज पोहोचण्यासच पुष्कळदा याहून अधिक वेळ लागतो. परिणामी दोघे एकदम बोलू लागतात, दोघे एकदम थांबतात, आणि दोन वेळा असे झाले की भिडस्त मूल तिसऱ्या वेळी तोंड उघडीत नाही.

दुसरे कारण समूहाच्या स्वभावात आहे. माक्सिमिलियाँ रिंगेलमान या फ्रेंच कृषितज्ज्ञाने दोर ओढणाऱ्या माणसांचे प्रयोग करून १९१३ साली प्रसिद्ध केले. एकटा माणूस जितका जोर लावतो, त्याच्या सुमारे निम्माच जोर आठजणांच्या दोरीवर त्याच्या वाट्यास येतो, असे त्यास दिसले. दक्षिण कोकणात किनाऱ्यावरून रापण ओढताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांस ठाऊक असेल की तेथे प्रत्येकाची जागा ठरलेली असते व सारे एका तालात ओढतात. कारण तसे न केल्यास माणसे पुष्कळ असूनही जाळे जड होते. चाळीस मुलांस मिळून विचारलेला प्रश्न हा कोणासही विचारलेला नसतो.

तिसरे कारण शिणवट्याचे. पडद्यावरील सभांनी माणूस का थकतो, याचा विचार स्टॅनफर्ड विद्यापीठातील प्राध्यापक जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली मांडला. सर्वांचे चेहरे अगदी जवळून आपणांकडे रोखलेले असणे, आपलेच तोंड सतत समोर दिसणे, एका जागी खिळून बसावे लागणे, आणि एरवी नजरेने सहज कळणाऱ्या गोष्टी प्रयत्नपूर्वक समजून घ्याव्या लागणे, ही चार कारणे त्यांनी सांगितली. याच दृष्टीने केंद्र सरकारने जुलै २०२० मध्ये सूचना केल्या की पहिली ते आठवीस दिवसातून दोनपेक्षा अधिक व नववी ते बारावीस चारपेक्षा अधिक तासिका नसाव्यात, आणि प्रत्येक तासिका ३० ते ४५ मिनिटांचीच असावी.

कारणे समजली म्हणजे उपाय फार दूर राहत नाही. शिवाय दूर बसलेल्यांचा वर्ग ही काही अगदी अपूर्व गोष्ट नव्हे. ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागी शेकडो किलोमीटर अंतरावर विखुरलेल्या गुरांच्या मळ्यांवर मुले राहत. त्यांच्यासाठी ॲलिस स्प्रिंग्ज येथून ८ जून १९५१ रोजी रेडिओवरील शाळा सुरू झाली. विमानाने रोग्यांपर्यंत जाणाऱ्या डॉक्टरांच्या सेवेची रेडिओ-यंत्रे तीसाठी उपयोगात आणली गेली. आरंभी धडे एकाच दिशेने जात, शिक्षक बोले व मुले ऐकत. परंतु लवकरच धड्याच्या शेवटी प्रश्नोत्तरांसाठी वेळ ठेवण्यात आला. त्या मुलांस शिक्षकाचे तोंडही दिसत नव्हते. तथापि आपली पाळी येणार आहे हे ठाऊक असल्यामुळे ती कान देऊन ऐकत. यावरून आम्ही एक धडा घेतला तो असा की, चित्र नसले तरी चालते, पण पाळी नसेल तर चालत नाही.

आपल्याकडील कीर्तन पाहा. उत्तम कीर्तनकार तास दोन तास बोलतो, पण श्रोत्यांस दहा मिनिटेही नुसते बसू देत नाही. निरूपण थोडे झाले की भजन. त्यात टाळकऱ्यांबरोबर साऱ्या सभेचा आवाज मिसळतो, आणि मग पुढची कथा ताज्या कानांवर पडते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी हीच पद्धत आमच्या ख्रिस्ती मंडळीत वापरली, याचे कारणही बहुधा हेच असावे की महाराष्ट्रातील माणूस नुसता ऐकून नव्हे तर साथ देऊन शिकतो.

आता प्रत्यक्ष योजना सांगतो. हिच्यात मुख्य कलमे पाच आहेत.

पहिले, सांगणे आणि बोलणे वेगळे करावे. जे नुसते सांगावयाचे आहे ते मुलांनी आपल्या सवडीने पाहावे अगर ऐकावे. पाठ्यपुस्तकांवरील क्यूआर कोड याच कामाचे आहेत. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी त्यांचा वापर आरंभिला, पुढे राज्याने तो स्वीकारला, आणि डिसले गुरुजींस ३ डिसेंबर २०२० रोजी जागतिक शिक्षक पुरस्कार जाहीर झाला, हे आपणांस ठाऊक आहेच. २०२० सालच्या जुलै महिन्यापासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' ही मालिका दाखविली गेली, तीही याच प्रकारची. सांगणे अशा साधनांवर सोपवावे. आणि सर्वजण एकत्र येतात तो अमोल वेळ बोलण्यासाठी राखावा.

दुसरे, सर्वांत दुबळी रेंज ज्याची, त्याच्या मापाने वर्ग बेतावा. चित्रासह एक तासाच्या सामूहिक वर्गास सुमारे एक जीबी डेटा लागतो. २०२० साली पुष्कळ घरांत दिवसभरासाठी सारा मिळून दीड जीबी असे. नुसत्या आवाजास याचा अगदी अल्प अंश पुरतो. म्हणून कॅमेरा बंद ठेवण्याची मोकळीक सर्वांस असावी. याने डेटा वाचतो, आणि मागची उडालेली छपरे व फुटक्या भिंती जगास दाखविण्याच्या संकोचातूनही मूल सुटते. ज्यास रेंजच नाही त्याने आपले उत्तर व्हॉट्सॲपवर आवाजाच्या निरोपाने ध्वनिमुद्रित करून ठेवावे; रेंज येताच ते आपोआप पोहोचते.

तिसरे, चौघांचे गट करावेत. येथे साधा हिशेब आहे. चाळीस मुलांच्या वर्गात बोलण्यास दहा मिनिटे ठेवली, तर प्रत्येकाच्या वाट्यास पंधरा सेकंद येतात. तीच दहा मिनिटे चौघाचौघांच्या दहा गटांस दिली, तर प्रत्येकास अडीच मिनिटे मिळतात, म्हणजे दहापट. ज्या ॲपमध्ये अशा गटांच्या वेगळ्या खोल्या करता येत नाहीत, तेथे चौघांनी आपसांत फोनवर बोलून पुन्हा वर्गात यावे. तेवढ्याने काम भागते.

चौथे, आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येकाजवळ असे काहीतरी द्यावे की जे त्याच्यावाचून इतरांस मिळू नये. अमेरिकेतील टेक्सस संस्थानात ऑस्टिन येथे १९७१ साली एलियट ॲरन्सन या मानसशास्त्रज्ञाने ही रीत वर्गांत आणली. धड्याचे तुकडे करावयाचे, प्रत्येक मुलास एकेक तुकडा द्यावयाचा, आणि सर्वांनी एकमेकांस शिकवून धडा पुरा करावयाचा. अशा वर्गात मागे बसणारे मूल उरत नाही. कारण त्याचा तुकडा नसेल तर चित्रच पुरे होत नाही.

पाचवे, प्रश्न विचारल्यावर थांबावे. मेरी बड रो या अमेरिकन विदुषीने १९७० च्या सुमारास वर्गांतील ध्वनिमुद्रणे तपासली, तेव्हा शिक्षक प्रश्न विचारून सरासरीने सुमारे एकच सेकंद थांबतात असे दिसले. तीन सेकंद थांबल्यावर उत्तरे लांब व विचारपूर्वक येऊ लागली आणि उत्तर देणाऱ्यांची संख्याही वाढली. मोबाईलवर आवाजास विलंब लागतो, म्हणून आम्ही मनातल्या मनात दहापर्यंत मोजतो. आरंभी ती शांतता जड वाटते. पण तिच्यात मूल विचार करीत असते. "समजले का?" हा प्रश्न तर आम्ही सोडूनच दिला आहे. त्याऐवजी "यातील कोणती पायरी सर्वांत अवघड वाटली?" असे विचारतो, कारण पहिल्या प्रश्नास गप्प राहूनही होकार देता येतो, दुसऱ्यास तसे करता येत नाही.

या पाच कलमांची परीक्षा होण्याचा प्रसंग लवकरच आला. २०२१ च्या जूनमध्ये शाळेचे दरवाजे पुन्हा बंद होते व काशीदचा मुलगा दहावीत गेला होता. आम्ही भरती-ओहोटीचा पाठ निवडला. प्रत्येक गटात चार कामे वाटली. एकाने भिंतीवरील दिनदर्शिकेतून तिथी पाहून ठेवावी. दुसऱ्याने रात्री चंद्र केव्हा दिसतो हे लिहावे. तिसऱ्याने, जो किनाऱ्याजवळ किंवा खाडीकाठी राहतो त्याने, पाणी सर्वांत वर केव्हा येते ते पाहावे. चौथ्याने हा सारा हिशेब कागदावर मांडावा. पावसाळ्याचा समुद्र रागीट असतो, म्हणून पाण्याजवळ न जाता, मोठ्या माणसास बरोबर घेऊन, रस्त्यावरूनच पाहावे, अशी सक्त ताकीद दिली.

चंद्र पाहणाऱ्या बहुतेकांनी "ढग होते" एवढेच कळविले. तेही निरीक्षणच म्हणून आम्ही नोंदविले. काशीदच्या मुलाने तीन दिवस आवाजाचे निरोप पाठविले. त्यांत त्याच्या शब्दांमागे लाटांचा घोष ऐकू येत होता, आणि घाटावर राहणाऱ्या मुलांनी तो निरोप पुन्हापुन्हा लावून ऐकला. तिसऱ्या दिवशी त्याने वेळेबरोबर आणखी एक गोष्ट सांगितली. त्याचे आजोबा म्हणाले होते की, तिथीची पाऊणपट करावी म्हणजे भरतीची वेळ येते. चतुर्थीस तीन वाजता, अष्टमीस सहा वाजता. आमच्या पाठ्यपुस्तकात हे नव्हते, व खरे सांगावयाचे तर आमच्याही ध्यानात ते नव्हते.

त्या सायंकाळचा चाळीस मिनिटांचा वर्ग येणेप्रमाणे झाला. पहिली पाच मिनिटे हजेरी; पण "हजर" न म्हणता प्रत्येकाने आपण काय पाहिले ते एका वाक्यात सांगावयाचे. पुढची दहा मिनिटे गटांत हिशेब. त्यापुढे पंधरा मिनिटे प्रत्येक गटाने आपला निष्कर्ष सांगणे. मग पाच मिनिटे आमचे स्पष्टीकरण, आणि शेवटची पाच मिनिटे ज्यास जे कळले नाही ते त्याने आवाजाने किंवा लिहून कळविणे. काशीदची रेंज दुसऱ्याच मिनिटास गेली. पण त्याचे तीन निरोप प्रत्येक गटाजवळ होते, आणि वर्ग त्यांवाचून पुढे जाऊ शकत नव्हता. तो मुलगा नसतानाही वर्गात होता. मागच्या वर्षी तो असूनही नव्हता.

एका गटाने विचारले, पाऊणपटच का? आम्ही समजावून सांगितले की चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येते. पाऊण तास म्हणजे पंचेचाळीस मिनिटे, त्याच्या जवळपास. मग दुसऱ्या एका मुलीने शोधून काढले की ही थोडी थोडी चूक रोज साचत जाते, आणि पंधरा तिथींत ती अर्ध्या-पाऊण तासाची होते. म्हणून पौर्णिमेस आजोबांच्या हिशेबाने सव्वा अकरा येतात, पण समुद्र बाराच्या सुमारास भरतो. हा शोध तिला आम्ही सांगितला नव्हता.

आता पालकांस दोन शब्द. वर्ग चालू असता आपल्या पाल्याच्या कानात उत्तर सांगू नये. त्याचे चुकीचे उत्तर शिक्षकास अधिक उपयोगी असते. घरात मोबाईल एकच असेल, तर ती गोष्ट न लाजता शाळेस कळवावी, म्हणजे वेळ त्याप्रमाणे ठेवता येते. शेजारची दोन मुले एका मोबाईलवर बसल्यास उत्तमच, कारण तो आयता गट झाला. आणि वर्ग संपल्यावर "आज काय शिकवले?" असे न विचारता "आज तू काय बोललास?" असे विचारावे. मूल काहीच बोलले नसेल, तर दुसऱ्या दिवशी आम्हांस एक निरोप पाठवावा. त्यात दोष मुलाचा नसून बहुधा आमच्या योजनेचा असतो.

विद्यार्थ्यांस एकच सांगणे आहे. आवाज तुटत असेल तर त्याच क्षणी सांगा. आपल्यामुळे वर्ग थांबेल अशी भीती बाळगू नका. ज्याच्यासाठी थांबावयाचे नाही, तो वर्ग कशासाठी भरवावयाचा?

काशीदचा तो मुलगा पुढे दहावी उत्तीर्ण झाला. समीकरणे त्यास पुन्हा पहिल्यापासून शिकवावी लागली, आणि ते काम आम्ही व त्याच्या गटातील तिघांनी मिळून केले. हल्ली अतिवृष्टीच्या सुट्टीत वर्ग भरवावयाचा झाला, म्हणजे हजेरीपट उघडण्यापूर्वी आम्ही एक कागद पुढे घेतो व त्यावर लिहितो: आज कोणाजवळ काय आहे, जे इतर कोणाजवळ नाही? तो कागद कोरा राहिला, तर त्या दिवशी वर्ग भरवीत नाही. मुलांस वाचावयास सांगतो.